सरांना जरा हसवा

सर, तुमचा फोटो परवा शाळेत लागला. चित्रकलेच्या वर्गात, फळ्याच्या वर, पूर्वी जिथे बंद पडलेलं घड्याळ होतं तिथे. तो फोटो मी तयार केला. मी कोण म्हणून विचाराल, तर खिडकीजवळच्या बाकावरचा, नववीच्या मध्येच शाळा सोडून गेलेला, ज्याच्या आईच्या तोंडावर कोड होतं तो. एवढी खूण पुरे. तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली. मी आता अंबडला एका फोटो आणि फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. लग्नाचे, वाढदिवसाचे, निवडणुकीचे बॅनर करतो. लोक कागदावर ‘अभिष्टचिंतन’ लिहून आणतात, मी न विचारता ‘अभीष्टचिंतन’ करतो. शाळा अर्धी राहिली, म्हणून निदान अक्षरात तरी कुणाला काही सापडू नये, असं मला वाटतं. हे पत्र लिहितानाही मी प्रत्येक ओळ दोनदा वाचतो आहे. तुम्ही वाचणार नाही, तरीही.

आमच्या दुकानात मेलेल्या माणसांचं काम जास्त असतं. घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आत फ्रेम लागते, आणि आपल्याकडच्या माणसाचा धड एक फोटो नसतो. मग लोक आधार कार्ड आणतात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला जेवणाच्या पंगतीतला फोटो आणतात, त्यात म्हाताऱ्याच्या तोंडात घास असतो. मी घास काढतो. कोट घालतो, कारण कोट मागतातच. माझ्याकडे कोटांचं एक फोल्डर आहे, फेट्यांचं एक आहे, जोडलेल्या हातांचं एक आहे. मुंडकं तेवढं त्यांचं, बाकी सगळं माझ्याकडचं. मागच्या उन्हाळ्यात अंकुशनगरहून दोघं भाऊ बापाचा फोटो घेऊन आले. थोरला म्हणाला, “आण्णाला गोरं करा थोडं.” धाकटा म्हणाला, “आरं, बाप व्हता का इंग्रज? माय वळखायची न्हाई.” थोरला म्हणाला, “मायला कुठं दिसतं आता.” शेवटी गोरं केलं. दोघंही खूश झाले, धाकटा तर रडलाच. मी हे रोज बघतो. गेलेल्या माणसात प्रत्येकाला काही ना काही दुरुस्त करायचं असतं, आणि दुरुस्ती झाली की ते म्हणतात, आता बराबर आण्णा दिसून राह्यले.

तुमचं काम आमच्या वर्गाच्या ग्रुपवरून आलं. आपली ती बॅच, म्हणजे मी ज्यातून गळालो ती, मोबाइलवर एकत्र आली आहे. ग्रुप चालवतो तो माझ्या बाकावरचा मित्र. त्याचं आता जालन्याला बियाण्यांचं दुकान आहे. त्यानं लिहिलं, शाळेला आपण सरांचा फोटो देऊ, मोठा, रंगीत, पेंटिंगसारखा. आणि मला फोन केला, “तू हायेस ना भावा त्या लाइनीत. करून टाक. खर्चा आम्ही बघतो.” मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यावरच तर जगलात.

हे वाक्य खोडावं असं वाटलं होतं. राहू देतो.

तुमचा एकच फोटो मिळाला. दहावीच्या निरोपसमारंभाचा, पायऱ्यांवर उभा राहून काढलेला. त्यात मी नाही. तुम्ही डाव्या बाजूला उभे आहात, छडी पायाला टेकवून. मी तुम्हाला पोरांमधून कापून बाहेर काढलं आणि पडद्यावर मोठं केलं. इतक्या जवळून मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. जवळ असताना मी खाली बघायचो. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या, डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक, ओठ दाबलेले, कॉलरवर खडूची भुकटी. मी ते सगळं तसंच ठेवून ब्रशनं रंगवलं. एकेक आठी. तुम्ही म्हणायचात ना, दिसतं ते काढा, वाटतं ते काढू नका. मी दिसलं ते काढलं. माझ्या आजवरच्या कामात तेवढं चांगलं काम नाही. मग ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ‘मित्रांनो, काही सुधारणा असल्यास मोकळेपणाने सांगा.’

लगेच उत्तरं आली. “लई भारी भावा.” “एक नंबर.” मग एकानं लिहिलं, “पण सर चिडल्यावानी दिसून राह्यले.” दुसरा म्हणाला, “आरे, चिडलेलेच राह्यचे ना.” त्यावर माझ्या मित्रानं लिहिलं, “गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू न्हाई. मैत्रीच्या नात्यानं सांगतो, राग मानू नको भावा. सरांना जरा हसव.”

मैत्रीच्या नात्यानं. तो शब्द त्यानं कुठून घेतला हे त्याला आठवतही नसेल. तुम्हाला आठवत असेल. शनिवारचा तास. तुम्ही वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधायचात आणि आठवड्याची चित्रं कपड्यांच्या चिमट्यांनी तिला अडकवायचात. मग एकेकाला उठवायचात आणि त्याला त्याच्या जवळच्या मित्राच्या चित्रासमोर उभं करायचात. “मित्रासारखं सांग. काय चुकलं?” शत्रू चूक सांगतो तेव्हा टोचायला सांगतो, मित्र सांगतो तेव्हा सुधारायला, असं तुम्ही म्हणायचात. ऐकायला किती चांगलं वाटतं ते. कुणी म्हणालं, सर, काहीच चुकलं नाही, तर तुम्ही म्हणायचात, “मंग तू याचा मित्र न्हाईस,” आणि हात पुढं करायला लावायचात. म्हणून आम्ही सगळे एकमेकांचे फार चांगले मित्र झालो. शुक्रवारपासूनच एकमेकांच्या चुका शोधून ठेवायचो. मुलं मधल्या सुट्टीत सौदे करायची, तू माझ्या झाडाला नावं ठेव, मी तुझ्या गायीला ठेवतो, दोघं बी वाचू. पण असला सौदा तुम्हाला बरोबर कळायचा. “एवढंच? नीट बघ. अजून काहीतरी हाये.” आणि नीट बघितलं की असायचंच.

मी तुमचा आवडता होतो. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर चित्र एका बाजूनं काळं होईल. तुम्ही मला तुमचा शून्य नंबरचा ब्रश दिला होतात, बारीक केसांचा, पापण्या काढायला. सगळ्या वर्गासमोर दिलात. म्हणालात, याचा हात कापत नाही. मी तो ब्रश रुमालात गुंडाळून घरी नेला. आई चुलीपुढे होती. मी म्हणालो, सरांनी दिला. तिनं हात पदराला पुसून तो हातात घेतला, केसांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “याच्यानं काय काढायचं असतं?” मी म्हणालो, बारीक गोष्टी. ती म्हणाली, “मंग जपून ठेव.” आईच्या हातचं पाणी तेव्हा गावात कुणी पीत नव्हतं. मोसंबीच्या बागेत ती कामाला जायची, खुरपणी करायची, पण मोसंबी तोडून टोपल्यात भरायचं काम तिला देत नव्हते. फळाला हात लागतो म्हणून. मोसंबीला साल असते, सर. पण ते जाऊ द्या.

मग तुम्ही ‘माझी आवडती व्यक्ती’ हा विषय दिलात. आईचा एकच फोटो होता, बँकेच्या पासबुकावरचा. मी तो झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला आणि त्याच्यावर पोस्टर कलरनं रंगवलं. आज मी जे काम करतो, त्यातलं ते पहिलं. लुगड्याला काठ काढला, नाकात नथ घातली, आणि चेहऱ्यावर सगळीकडे एकसारखा गव्हाळ रंग दिला. पापण्या तुमच्या ब्रशनं काढल्या. चोरी करतो आहे असं मला वाटलं नाही. मला वाटलं, मी काहीतरी देतो आहे.

शनिवारी तुम्ही ते चिमट्यात अडकवलंत आणि बराच वेळ बघत उभे राहिलात. झेरॉक्सवर रंग फासलाय म्हणून मारणार, असं मला वाटलं. पण तुम्ही माझ्या मित्राला उठवलंत. तो आमच्या घरी जेवायचा. गावातल्या ज्या एक-दोन पोरांना आईच्या हातचं चालायचं, त्यातला तो एक. “मित्रासारखं सांग.” तो चित्राकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला, सापडल्यावर उजळतो तसा. “सर, याच्या मायच्या तोंडावर डाग हायेत. यानं काढलेच न्हाईत.”

“शाबास,” तुम्ही म्हणालात. “याला म्हणतात मैत्री.”

मग तुम्ही मला पुढे बोलावता. पांढऱ्या रंगाची बाटली उघडून टेबलावर ठेवता. ब्रश कुठाय म्हणून विचारता. मी रुमालातून काढतो. “काढ. माय हाये ना तुझी? मंग लाजतो कशाला? ज्याला आपल्या मायचं तोंड खरं काढता येत न्हाई, तो काय काढणार जन्मात?” मी उभा राहतो. तुम्ही वर्गाला विचारता, कुठंकुठं हायेत? आणि वर्ग सांगू लागतो. हनुवटीवर. डाव्या डोळ्याच्या खाली. ओठाला लागून, सर, या बाजूला. न्हाई न्हाई, त्याहून मोठा. सगळ्यात बरोबर जागा माझा मित्र सांगतो, कारण तो जेवताना समोर बसलेला असतो. हसतात सगळे, पण फार दुष्टपणे नाही, खेळ चालल्यासारखं. आणि माझा हात कापत नाही. तेवढं तुम्ही बरोबर ओळखलं होतंत.

एक गोष्ट मला तेव्हाही दिसली होती आणि ती आज सांगतो, मित्रासारखी. तुमचा रंग चुकला होता, सर. आईचे डाग पांढरे नव्हते. पिकलेल्या पेरूच्या आत असतो तसा फिकट गुलाबी रंग होता तो, आणि कडेला हळूहळू गव्हाळ होत जायचा. तुम्ही बाटलीतला कोरा पांढरा दिलात. खरं काढ म्हणालात आणि भिंतीला मारायचा चुना हातात दिलात. वर्गात कुणी हे सांगितलं नाही. तिथे मित्र फक्त माझेच होते, तुमचा कुणी नव्हता.

मी पुढचे काही दिवस शाळेत गेलो नाही, म्हणून आई मला हाताला धरून घेऊन आली. चित्र अजून सुतळीवरच होतं. तुम्ही दारात उभे राहून तिला म्हणालात, “पोरगं हुशार हाये, बाई. पण लाजतं.” ती तुमच्या खांद्यावरून आत बघत होती. मग म्हणाली, “हां, मीच हाये की.” एवढंच. ती मला घेऊन घरी परत आली, आणि पुन्हा शाळेत जा असं तिनं कधी म्हटलं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी बँकेला तिचा नवा फोटो हवा होता, तो मीच दुकानात काढला. ती पडद्याकडे बघून म्हणाली, “जरा साफ कर की. समद्यांचे करतोस.” मी केले. बँकेनं फोटो परत पाठवला, माणूस जुळत नाही म्हणून. आई हसली. म्हणाली, “मंग राहू दे तसंच.” मी दुसऱ्यांदा डाग जसेच्या तसे ठेवले. या वेळी रंग बरोबर होता.

आता तुमच्या फोटोकडे येतो. मित्रांनी एकेक सूचना केली आणि मी एकेक पाळली. कुणीतरी म्हणालं, छडी नको, पुस्तक दे. मी तुमचा उजवा हात मनगटापासून कापला. फोल्डरमध्ये एका पुढाऱ्याचा पुस्तक धरलेला हात होता, तो लावला. छान जाडजूड, अंगठी घातलेला हात. अंगठी पुसली. मग म्हणाले आठ्या काढ. एका फटक्यात गेल्या. त्या आठ्यांपायी आम्ही किती वर्षं जीव मुठीत धरून बसत होतो, आणि त्या इतक्या सहज गेल्या. डावा डोळा उजव्याएवढा केला. रंग उजळला. कोट घातला, तुम्ही कधी घातला नाहीत तो, निळा. मला हे करताना वाईट वाटलं असं सांगणार नाही. मी चहा पीत, सावकाश, चवीनं करत होतो. तुम्हाला मी कापत होतो, पुसत होतो, फासत होतो, आणि वरून सगळे म्हणत होते, वा, आता सर दिसून राह्यले. असा सूड कुणाला मिळतो?

मधे एकदा मी अजून एक गोष्ट केली. दुकानात कुणी नव्हतं. मी तुमच्या हनुवटीवर एक डाग काढला. पेरूच्या रंगाचा, कडा मऊ केलेला, अगदी खरा. मग डोळ्याखाली एक. मला वाटलं होतं की मी हसेन. पण तिथे आईच दिसायला लागली. तुमच्या चेहऱ्यातून ती बघत होती, आणि तुमचा चेहराही एकदम ओळखीचा, घरचा वाटू लागला. मी घाईघाईनं दोन्ही डाग पुसले. ती जागा तुमची नव्हती.

राहिलं हसू. ओठांची टोकं उचलली तर मित्र म्हणाला, “आरं, ओठ हसून राह्यले अन् डोळे छड्या मारून राह्यले.” बरोबर होतं त्याचं. हसताना डोळ्यांखाली काय होतं हे बघायला तुमचा एखादा हसरा फोटो हवा होता. कुणाकडे नव्हता. म्हणून मी गावी तुमच्या घरी गेलो. काकू आता एकट्याच असतात. त्यांनी मला स्वयंपाकघरातच बसवलं, समोर चहा ठेवला आणि फोटोंची पिशवी उपडी केली. लग्नाचा, बारशांचा, कुणाच्या तरी मुंजीचा. सगळ्यांत तुम्ही ओठ दाबून बघता आहात. मी विचारलं, काकू, सर हसायचेच नाहीत का? त्या म्हणाल्या, “हसायचे की. दुसऱ्याच्या घरी.”

मग फोटो परत पिशवीत भरता भरता, माझ्याकडे न बघता, त्या सांगू लागल्या. “जेवायला बसले की मला समोर उभं करायचे. दोघी पोरींना इचारायचे, आईच्या भाजीत काय चुकलं, मैत्रिणीवानी सांगा. न्हाई सांगितलं तं ताट सरकवायचे. पोरी बिचाऱ्या शोधायच्या. मीठ. तिखट. आई, कोथिंबीर चिरलीच न्हाई. मी बी मंग मुद्दाम काहीतरी चुकवून ठेवायचे. पोरींना सापडावं म्हणून.” पिशवीला गाठ मारून त्या म्हणाल्या, “चहा कसा झाला?” मी म्हणालो, चांगला झालाय, काकू. त्या म्हणाल्या, “साखर टाकली न्हाई मी. इसरले.” मी कप रिकामा केला होता, आणि मला कळलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. दोघंही हसलो, पण फार नाही.

तुमचं हसू मग मी माझ्या मनानंच तयार केलं. डोळ्यांखाली घड्या घातल्या, गाल जरा वर घेतले, दात दाखवले नाहीत. काकूंना मोबाइलवर पाठवून उपयोग नव्हता, म्हणून छापून घेऊन गेलो. त्यांनी फोटो दारातल्या उजेडात धरला. मी मनाशी म्हणत होतो, आता या म्हणतील, हा कोण? निदान एक माणूस तरी म्हणेल.

“बरा हाये,” त्या म्हणाल्या. “हा माणूस बरा हाये.”

मी म्हणालो, काकू, काही चुकलं असेल तर सांगा.

“न्हाई. बिलकुल न्हाई. मला बी एक दे, बारका. लेकीची लेकरं इचारतात, आज्जी, आबा कसे व्हते? हे दाखवीन.” मग त्यांनी विचारलं, “याच्या बाजूला मला बसवता येईल का? आमच्या दोघांचा असा न्हाई एक बी.” मी म्हणालो, येईल. “मंग मला बी हसव.”

ते काम अजून व्हायचं आहे. त्यांचा हसरा फोटो मला शोधावा लागला नाही, त्या चहाच्या वेळचं हसणं मला पाठ आहे.

ग्रुपवर शेवटचा फोटो टाकल्यावर हात जोडलेले, फुलं, डोळ्यांतलं पाणी, सगळं आलं. “सेम टू सेम सर.” एकीनं लिहिलं, “असेच बघायचे सर माझ्याकडे. मला त्यांनी कंपास दिल्ता.” दिला असेल. मलाही ब्रश दिलाच होता. मग कुणीतरी, मला नीट न ओळखणाऱ्यानं, विचारलं, “भावा, तू दहावीच्या फोटोत कसा न्हाई?” मी उत्तर लिहायला घेतलं. माझ्याआधी माझ्या मित्राचं आलं. “आरे, हा पळून गेल्ता नववीत. झेपत नव्हतं याला. सरांनी लई समजावलं, याच्या मायला बी बोलावून सांगितलं. एवढ्या चांगल्या सरांना सोडून गेला येडा.” आणि पुढे हसणारं तोंड. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवतं. मी तीन ओळी लिहिल्या, त्यातल्या वेलांट्या तपासल्या, आणि वर तुमचा फोटो बघितला. त्या फोटोतला माणूस कुणाच्या आईच्या तोंडावर चुना फासायला लावेल, हे कुणाला पटलं असतं? मलाच पटलं नसतं. पुरावा होता तो मीच पुसला होता, गालापासून हातापर्यंत, सगळ्यांच्या सल्ल्यानं. मी तीन ओळी काढून टाकल्या आणि एक हसणारं तोंड पाठवलं.

परवा फोटोवरचं कापड काढलं. माझा मित्र माइकवर बोलला. सरांनी आम्हाला मैत्रीनं चूक सांगायला शिकवलं, म्हणाला, आणि त्यानं खरंच डोळे पुसले. चित्रकलेच्या नव्या बाई आहेत, तरुण, उत्साही. त्यांनी जाहीर केलं की सरांची आठवण म्हणून शनिवारचा तो तास पुन्हा सुरू करणार. टाळ्या झाल्या. नंतर त्या माझ्याजवळ आल्या. त्यांनी सुतळीही आणून ठेवली होती. “तुम्ही होतात ना त्या वर्गात? कसं चालायचं ते जरा सांगा ना. म्हणजे बराबर तसंच करता येईल.” मागे भिंतीवर तुम्ही हसत होतात. मी म्हणालो, “मॅडम, पोरांना घरातलं माणूस काढायला देऊ नका.”

“का हो?”

“नीट येत न्हाई,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, आणि मला वाटतं त्या हे पाळतील. तेवढंच माझ्याच्यानं झालं. बाकी तास त्या घेतील, सुतळी बांधतील, आणि तुमच्या खाली उभ्या राहून पोरं एकमेकांची मित्र होतील.

हे पत्र मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिहितो आहे आणि छापणार नाही. बाहेर एक गिऱ्हाईक बायकोचा फोटो घेऊन उभं आहे, त्याला जल्दी आहे. एक सांगायचं राहिलं. तुमचं हसू ज्या दिवशी पुरं झालं, त्या दिवशी दुपारी मालक जेवायला गेले होते. मी चेहरा पडदाभर मोठा केला. तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, का ते माहीत नाही, आणि मोठ्यानं विचारलं, “सर, बराबर आलंय का?” मग खरोखर थांबलो, उत्तरासाठी. तुम्ही हसत होतात. ते हसू मीच काढलेलं आहे, कुठली घडी कुठून घेतली तेसुद्धा मला ठाऊक होतं. तरी मला बरं वाटलं.